प्रश्न एसएमएसवर मागवायचे, तर आधी वाचणारा माणूस ठरवा

वाशीतल्या एका सभागृहात परिचारिकांची एकदिवसीय परिषद होती. दुपारच्या सत्राचा विषय होता कामाचे तास आणि पाळ्या. वक्त्या छान बोलल्या, टाळ्या झाल्या आणि सूत्रसंचालिकेने विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" माईक घेतलेली मुलगी शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आली, पण एकही हात वर झाला नाही. कारण उघड होतं. पुढच्या तीन रांगांत मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टर बसल्या होत्या आणि मागे त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या मुली. उभं राहून, आपलं नाव आणि हॉस्पिटल सांगून ड्युटीबद्दल माईकवर बोलणार कोण?

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच पडद्यावर एक मोबाईल नंबर लावला होता. तो पुन्हा वाचून दाखवला आणि थांबलो. चार मिनिटांत अकरा एसएमएस आले. त्यातला एक रोमन लिपीत, घाईघाईने टाईप केलेला होता : 'डबल ड्युटी नाकारली की मेमो देतात. आम्ही लेखी काय मागायचं?' वक्त्यांनी त्या एका प्रश्नाला सात मिनिटं दिली आणि मागच्या रांगांमध्ये भराभर वह्या उघडल्या गेल्या. तो प्रश्न कुणाचा होता हे सभागृहाला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती.

तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईत गृहनिर्माण संस्था, शिक्षक, ज्येष्ठ नागरिक अशा ज्या ज्या परिषदांच्या आयोजनात मी होते, तिथे हीच पद्धत वापरत आले. ठाणेकरांना ती फारशी नवीन वाटत नाही. इथल्या व्याख्यानांमध्ये भाषण संपत आलं की स्वयंसेवक कागदाचे कपटे घेऊन रांगांमधून फिरतात, चिठ्ठ्या गोळा होतात आणि अध्यक्षांपुढे ठेवल्या जातात. एसएमएस म्हणजे तीच चिठ्ठी. फरक इतकाच की ती गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतूनही येते, जिथे माईक घेऊन जाईपर्यंत प्रश्नोत्तरांची वेळ संपलेली असते.

पण नंबर लावला म्हणजे काम झालं, असं समजून बरेच आयोजक फसतात. खरं काम आलेले मेसेज वाचणाऱ्याचं असतं. ते कसं करायचं, हे खाली क्रमाने लिहिते आहे.

एसएमएस की व्हॉट्सॲप?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, मग एसएमएस कशाला? माझं उत्तर ठरलेलं आहे : मुख्य मार्ग एसएमएसचा ठेवा, व्हॉट्सॲप जोडीला घ्यायचं तर घ्या.

एसएमएसला इंटरनेट लागत नाही. पाचशे माणसं एका बंद सभागृहात बसली आणि प्रत्येकजण फोटो पाठवू लागला की डेटा रखडतो. एसएमएसचा मजकूर जेमतेम १४० बाइटचा असतो, त्यामुळे डेटा अडकलेला असतानाही तो बहुतेक वेळा निघून जातो. दुसरं, तो साध्या बटणांच्या फोनवरून जातो. ज्येष्ठ नागरिकांच्या परिषदेत असे फोन अजून बरेच दिसतात. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्हॉट्सॲपवर नंबराबरोबर बहुतेक वेळा फोटो आणि नावही येतं. एसएमएसमध्ये फक्त नंबर येतो. ज्याला बिचकत बिचकत विचारायचं आहे, त्याला हा फरक कळतो.

मोबाईलवर पान उघडून प्रश्न लिहायच्या आणि इतरांच्या प्रश्नांना मत द्यायच्या सेवाही आहेत. स्लायडो, मेंटीमीटर वगैरे. सभागृहाचं वायफाय भक्कम असेल आणि श्रोते रोज संगणकावर काम करणारे असतील, तर त्या जरूर वापरा. आमच्या श्रोत्यांमध्ये मात्र क्यूआर कोड स्कॅन करण्यापाशीच निम्मे लोक थांबतात.

नंबर कुठला द्यायचा

कुणाही पदाधिकाऱ्याचा स्वतःचा नंबर देऊ नका. बँकेचे ओटीपी, घरचे निरोप आणि श्रोत्यांचे प्रश्न एकाच यादीत आले की गोंधळ होतो. शिवाय तो नंबर शेकडो लोकांकडे कायमचा राहतो. संस्थेच्या नावावर वेगळं सिम घ्या आणि दर वर्षी तेच वापरा. लोकांच्या फोनमध्ये ते 'परिषद प्रश्न' म्हणून साठून राहतं, पुढच्या वर्षी सांगायचं काम अर्धं होतं.

सिम किमान आठवडाभर आधी चालू करून ठेवा. जुनं सिम हरवलं म्हणून त्याच नंबरचं नवीन सिम काढलं किंवा साध्या सिमचं ई-सिम करून घेतलं, तर सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात. परिषदेच्या आदल्या संध्याकाळी सिम बदललं, तर सकाळच्या सत्रात एकही प्रश्न येणार नाही आणि दोष श्रोत्यांना दिला जाईल.

सिम अँड्रॉइड फोनमध्ये घाला आणि गूगलचं मेसेजेस ॲप लॅपटॉपच्या ब्राउझरला जोडून घ्या. फोनने पडद्यावरचा कोड स्कॅन केला की आलेले सगळे मेसेज लॅपटॉपवर मोठ्या अक्षरात दिसतात. याला मात्र फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे इंटरनेट लागतं, म्हणून त्याची वेगळी सोय करा. ती बंद पडली तरी मेसेज फोनवर येतच राहतात, काम थांबत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. या ॲपमध्ये नको असलेल्या मेसेजचं वेगळं कप्प्यासारखं फोल्डर असतं आणि अनोळखी नंबरवरून आलेला एखादा खरा प्रश्न तिथे जाऊन पडतो. आमचे सगळेच प्रश्न अनोळखी नंबरांवरून येणार! दर दहा मिनिटांनी ते फोल्डर उघडून पाहायचं, हे एका माणसाला नेमून द्या.

माणसं तीन लागतात

एकजण फोन आणि लॅपटॉपपाशी बसतो आणि प्रश्न निवडतो. त्याला आम्ही 'वाचक' म्हणतो. दुसरा निवडलेले प्रश्न कार्डावर लिहून मंचावर पोचवतो. तिसरी व्यक्ती मंचावरची : सत्राध्यक्ष किंवा सूत्रसंचालक, जे प्रश्न मोठ्याने विचारतात. लहान सत्र असेल तर पहिली दोन कामं एकाच माणसाला जमतात. वाचक आणि सूत्रसंचालक मात्र एकच नको. मंचावर बसून एका डोळ्याने फोन पाहणाऱ्या अध्यक्षांचं वक्त्याकडेही लक्ष राहत नाही आणि प्रश्नांकडेही.

वाचक म्हणून घरातला कॉलेजचा मुलगा बसवण्याची पद्धत आहे, कारण त्याला मोबाईल कळतो. ही चूक करू नका. मोबाईल दहा मिनिटांत शिकवता येतो, विषय शिकवता येत नाही. पुनर्विकासाच्या सत्रात कन्व्हेयन्स (बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून देणं) आणि डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर ते करत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने करून घेणं) यातला फरक ज्याला माहीत नाही, तो दोन वेगळे प्रश्न एक समजून टाकून देईल. संस्थेचं सचिवपद सांभाळलेली एखादी निवृत्त व्यक्ती शोधा, तिला जोडीला तो मुलगा द्या.

आणि वाचक प्रायोजकाचा माणूस नको. गृहनिर्माण परिषदांना विकासक पैसे देतात, त्यात गैर काही नाही. पण फोन त्यांच्या माणसाकडे गेला, की 'विकासकाने भाडं थकवलं तर सभासदाने काय करायचं' हा प्रश्न मंचापर्यंत पोचेल याची खात्री उरत नाही. एका परिषदेत प्रायोजकाने मदतीला म्हणून स्वतःचे दोघेजण देऊ केले होते. आम्ही त्यांना चहापानाच्या व्यवस्थेत घेतलं. यावर तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे. लोक आपला प्रश्न विश्वासाने पाठवतात.

आदल्या दिवशी सभागृहात जा

फोन घेऊन सभागृहात फिरा. मधली रांग, शेवटची रांग, बाल्कनीचा कोपरा, मंचाची विंग, अशा प्रत्येक जागेवरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवरून एकेक एसएमएस पाठवून किती वेळात पोचतो ते टिपा. एखाद्या कंपनीचं नेटवर्क तळमजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये अजिबात येत नाही, हे असंच कळतं. वाचकाचं टेबल जिथे सिग्नल चांगला तिथे लावा. विंगेत बसणं सोयीचं दिसतं, पण जाड भिंती आणि लोखंडी सांगाड्यामुळे तिथेच सिग्नल मरतो. आम्ही बहुतेक वेळा मागच्या दाराजवळ बसतो आणि कार्डं कडेच्या वाटेने पुढे पाठवतो.

टेबलाजवळ चार्जिंगची सोय आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्या.

अक्षरांचा हिशोब

मराठीत एसएमएस लिहिणाऱ्याला हा हिशोब माहीत नसतो, म्हणून मेसेज तुटक पोचले की तो गोंधळतो. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीतलं एक जरी अक्षर आलं, किंवा एखादी इमोजी आली, की अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. आणि इथे अक्षर म्हणजे आपण वाचतो ते नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'पुनर्विकास' आपल्याला पाच अक्षरी दिसतो, फोन त्याचे दहा मोजतो. 'पुनर्विकासाला किती सभासदांची संमती लागते?' एवढ्याला ४१ लागतात. म्हणजे देवनागरीत एक छोटंसं वाक्य आणि वर चार शब्द, की एक एसएमएस भरला.

त्याहून लांब मेसेज जातो, पण तो ६७-६७ च्या तुकड्यांत विभागून जातो आणि पाठवणाऱ्याच्या खात्यात तेवढे एसएमएस मोजले जातात. चांगल्या फोनवर तुकडे जोडून दिसतात. साध्या फोनवर मात्र कधीकधी दुसरा तुकडा आधी येतो. म्हणून वाचकाने अर्धवट मेसेज लगेच बाद करू नये, एक-दोन मिनिटं थांबावं.

लोकांना एवढा तपशील सांगायची गरज नाही. 'एका मेसेजमध्ये एकच प्रश्न, दोन ओळींत' एवढं पुरतं. लिपीची सक्ती मात्र करू नका. ज्याला जशी सवय, तसं त्याने लिहावं.

रोमन लिपीतली मराठी वाचताना वाचकाने सावध राहायला हवं. पुनर्विकासाच्या एका सत्रात प्रश्न आला, तो आम्ही 'नवीन इमारतीत कर कोणी भरायचा?' असा वाचून कार्डावर लिहिलाही. बरोबरच्या सचिव बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आधीच्या ओळीत पार्किंग आहे. हे 'कार' असेल." मूळ शब्द 'भरायचा' नव्हताच, 'ठेवायची' होता. घाईत आम्ही वाक्य आपल्या मनाने पुरं केलं होतं. रोमनमध्ये बहुतेक लोक आखूड आणि लांब 'अ' एकाच अक्षराने लिहितात. दर आणि दार, कर आणि कार सारखेच दिसतात. शंका आली तर त्या नंबरवर 'कार की टॅक्स?' असा उलट एसएमएस करा. उत्तर अर्ध्या मिनिटात येतं.

लोकांना सांगायचं कसं

सत्राच्या शेवटी नंबर सांगणं म्हणजे उशीर. प्रश्न भाषण चालू असताना सुचतो आणि दहा मिनिटांत विसरला जातो. नंबर तीन ठिकाणी हवा : नोंदणीच्या वेळी देतो त्या कार्यक्रमपत्रिकेवर, पडद्यावर सतत खालच्या पट्टीत, आणि पडदा नसेल तर मंचाच्या दोन्ही बाजूंना फलकावर. आकडे पाच-पाचच्या दोन गटांत लिहा, मध्ये जागा सोडा. शेवटच्या रांगेतून वाचता येतात का, ते स्वतः तिथे बसून पाहा. छापून आलेल्या फलकावरच्या नंबरवर स्वतः एकदा एसएमएस करा. एक आकडा चुकला, तर दिवसभर सगळे प्रश्न कुणा तिऱ्हाइताच्या फोनवर जात राहतील.

सूत्रसंचालकाने वक्त्याची ओळख करून देण्याआधी साधारण असं सांगावं :

"मंडळी, भाषण चालू असताना प्रश्न सुचला तर आत्ताच पाठवा. पडद्यावर दिसतोय त्या नंबरवर साधा एसएमएस करा. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कसाही. नाव लिहायची गरज नाही. तुमचा नंबर वाचून दाखवला जाणार नाही आणि कुणाला दिला जाणार नाही. फोनचा आवाज तेवढा आत्ता बंद करा. ज्यांना एसएमएस जमत नाही त्यांनी हात वर करा, स्वयंसेवक चिठ्ठी आणून देतील."

शेवटचं वाक्य गाळू नका. काहींच्या रिचार्जमध्ये एसएमएस नसतात, काहींचे त्या दिवसाचे संपलेले असतात, काहींना चष्म्याशिवाय बटणं दिसत नाहीत. चिठ्ठी आणि एसएमएस एकाच टेबलावर, एकाच नियमाने हाताळा.

आणि वक्त्यांना आधी कल्पना द्या. समोर माना खाली घालून टाईप करणारे लोक पाहून काही वक्ते दुखावतात. ते तुमच्याच भाषणावरचे प्रश्न लिहितायत, हे सांगितलं की वक्ते उलट खुलतात.

वाचकाचं टेबल

आता मुख्य काम. तीनशे माणसांच्या सभागृहात विषय तापलेला असला, तर तासाभरात चाळीस-पन्नास मेसेज सहज येतात. प्रश्नोत्तरांना वेळ असतो वीस मिनिटं. त्यात दहा-बारा प्रश्न होतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे चारपैकी तीन मेसेज वाचले जाणार नाहीत, आणि कुठले ते तुम्ही ठरवणार आहात.

एका वहीचं पान उभं दुमडून तीन रकाने करा : 'आत्ता', 'सारखेच', 'नंतर'. प्रत्येक मेसेजसाठी दोन-तीन शब्द आणि वेळ लिहा. नंबर वहीत लिहू नका, वेळेवरून तो फोनमध्ये सापडतो. सारखे प्रश्न एकाखाली एक आले की बाजूला रेघा मारत जा. भाषण संपेपर्यंत कुठल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त रेघा आहेत ते डोळ्यांना दिसतं. तो प्रश्न पहिला घ्या आणि मंचावरून सांगा, "हे सात जणांनी विचारलंय." सभागृहातली हालचाल तेव्हा बघण्यासारखी असते. आपल्या एकट्यालाच हे कळत नव्हतं असं वाटलेली सात माणसं एकदम ताठ बसतात.

पण रेघांवरच सगळं सोडू नका. एकच रेघ असलेला प्रश्नही पुढे न्यावा लागतो. पुनर्विकासाच्या सत्रात संमतीची टक्केवारी वीसजण विचारतात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतरही सत्तर की एक्कावन्न हा घोळ लोकांच्या मनात आहेच. त्याच सत्रात एखादी बाई विचारते, 'नवरा वारला, शेअर सर्टिफिकेटवर नाव त्यांचंच आहे, संमतिपत्रावर सही कुणाची?' हा प्रश्न एकटीचा दिसतो, पण तो घरोघरचा असतो. उभं राहून विचारायला धीर होत नाही म्हणून एरवी ऐकू येत नाही. अशा प्रश्नांसाठी दहातल्या दोन जागा राखून ठेवा. माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

प्रश्न कार्डावर उतरवताना छोटा करा, पण बोथट करू नका. 'वक्ते स्वतः सल्लागार म्हणून फी घेतात, मग त्यांचा सल्ला निःपक्षपाती कसा?' हा प्रश्न झोंबणारा आहे, पण सरळ आहे. तो तसाच गेला पाहिजे. शिवीगाळ, कुणा सभासदाचं किंवा बिल्डरचं नाव घेऊन केलेला आरोप, जातीधर्मावरचं बोलणं हे बाद. नाव काढून प्रश्न उरत असेल, तर नाव काढून घ्या.

आलेले मेसेज थेट पडद्यावर कधीही दाखवू नका. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असला की कुणाला तरी मोह होतोच. नंबर सगळ्यांसमोर जातो, आणि परिचारिकांच्या परिषदेत तसं झालं असतं तर त्या मुलीला दुसऱ्या दिवशी काय ऐकावं लागलं असतं, याचा विचार करा.

मंचावर

कार्डावर मोठ्या अक्षरात एकच प्रश्न लिहा. पहिली तीन कार्डं भाषण संपायच्या पाच मिनिटं आधी अध्यक्षांच्या हातात हवीत, बाकीची दोन-दोन करून पाठवा. क्रम वाचकाने लावलेला असतो. तो अध्यक्षांनी बदलू नये, हे आधीच नम्रपणे बोलून घ्या. वक्त्याला कार्डं आधी दाखवू नका. अडचणीचा प्रश्न गोड शब्दांत बाजूला ठेवायची संधी कुणालाच मिळू नये.

माईक पूर्ण बंद करू नका. शेवटची पाच मिनिटं हात वर करणाऱ्यांना द्या. समोरासमोर विचारण्यात, उत्तरावर उलट विचारण्यात जो जिवंतपणा आहे, तो कार्डात येत नाही.

उरलेल्या प्रश्नांचं काय

'नंतर' या रकान्यातले प्रश्न नंबर न देता वक्त्याला पाठवा आणि आठवड्यात लेखी उत्तरं मागा. ती एकत्र करून संस्थेच्या सूचनाफलकावर किंवा वार्तापत्रात छापता येतात. अगदीच वैयक्तिक प्रश्न असेल तर त्या एका माणसाला त्याच सिमवरून उत्तर पाठवा. सगळ्यांना मात्र 'आल्याबद्दल आभार' असा एकगठ्ठा एसएमएस या नंबरवरून धाडू नका. एकगठ्ठा एसएमएससाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करून पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साध्या नंबरवरून तसे मेसेज गेले आणि लोकांनी तक्रारी केल्या, तर नंबरच बंद होऊ शकतो. शिवाय लोकांनी नंबर प्रश्नासाठी दिला होता, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी नाही.

उत्तरं पाठवून झाली की फोनमधले सगळे मेसेज पुसा, लॅपटॉपची जोडणी तोडा आणि सिम काढून कार्यालयाच्या कपाटात ठेवा. मेसेज पुसताना दुसरं कुणीतरी शेजारी बसलेलं असावं, आणि पुसल्याची तारीख वहीच्या त्याच पानावर दोघांच्या सहीने लिहावी. वही मात्र जपून ठेवा. पुढच्या परिषदेचे विषय ठरवायला बसाल, तेव्हा ती समोर घेऊन बसा. आमच्याकडे वारसाहक्क आणि शेअर सर्टिफिकेट यांवर स्वतंत्र सत्र सुरू झालं, ते अशाच एका पानावरच्या एका रेघेवरून.